सत्तावन्न मात्रांचे प्रेमकाव्य

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. त्यासाठी जे पुरावे मांडण्यात आले, त्यांत महाराष्ट्री प्राकृतातील 'गाथासप्तशती'चे नाव अग्रभागी होते. तेव्हापासून हे नाव व्याख्यानांत, गौरवपर लेखांत आणि शाळांच्या फलकांवरही दिसू लागले आहे. ही आनंदाची गोष्ट होय. परंतु त्या आनंदात एक उणीव आम्हांस जाणवते. जुन्या घराचा दस्तऐवज न्यायालयात दाखवावा आणि पुन्हा पेटीत ठेवावा, तशी या ग्रंथाची गत होऊ पाहत आहे. आपली भाषा किती जुनी, हे सिद्ध करण्यासाठी आपण गाथांचा दाखला देतो. काव्य म्हणून त्या वाचतो काय? महाराष्ट्राच्या सीमेबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहून मराठी शिकविणाऱ्या आमच्यासारख्यांनी तरी हा प्रश्न स्वतःस विचारला पाहिजे, असे आमचे मत आहे. वयाचा मान मिळाला, तरी वाचक मिळाल्यावाचून काव्य जगत नाही.

या हेतूने आम्ही प्रस्तुत लेखात एकच गाथा विचारार्थ घेत आहो. सप्तशतीच्या दुसऱ्या शतकातील ही ७५ वी गाथा. धार्मिकास उद्देशून म्हटलेली. संस्कृत साहित्यशास्त्राचा अभ्यास केलेल्या प्रत्येकास ती ओळखीची आहे. नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनांनी 'ध्वन्यालोका'त ध्वनीच्या उदाहरणांमध्ये हिला प्रारंभीच स्थान दिले. पुढे अभिनवगुप्त, महिमभट्ट, मम्मट व विश्वनाथ या सर्वांनी तिची चर्चा केली. गोदावरीकाठच्या एका लहानशा प्रेमकाव्याने शेकडो वर्षे पंडितांना जागे ठेवले, असे म्हणावयास हरकत नाही. मात्र या सर्व चर्चेत एक अंग बहुधा अस्पर्शित राहिले. गाथेच्या शब्दांचा व अर्थाचा कीस पाडला गेला; तिच्या मात्रांकडे, यतीकडे आणि पदांच्या मांडणीकडे फारसे कोणी वळून पाहिले नाही. आमचे म्हणणे असे की, या गाथेतील गुपित तिच्या वृत्तातही आहे. वृत्त हे येथे अर्थाचे वस्त्र नसून अर्थाचा साक्षीदार आहे.

प्रथम आशय सांगतो. गोदावरीच्या काठी दाट झाडीत एका स्त्रीचे संकेतस्थळ आहे. पूजेसाठी फुले वेचणारा एक धार्मिक मनुष्य तेथे नित्य येऊ लागला आहे. त्याच्या येण्याने एकांत भंगतो आणि त्याच्या फुले-पाने तोडण्याने झाडीचा आडोसाही विरळ होतो. त्याला आजवर एका कुत्र्याचे भय होते. ती स्त्री त्याला सांगते की, त्याने आता खुशाल हिंडावे, कारण तो कुत्रा आज मारला गेला; आणि त्यास मारणारा आहे नदीकाठच्या झाडीत राहणारा उन्मत्त सिंह. एवढेच. प्रियकराचा उल्लेख नाही, प्रेमाचा नाही, संकेताचा नाही. शब्दांनी ती परवानगी देते. अर्थाने येण्यास मनाई करते.

आता वृत्ताकडे वळू. संस्कृतात जिला आर्या म्हणतात, तीच प्राकृतातील गाथा. हिचा पूर्वार्ध ३० मात्रांचा व उत्तरार्ध २७ मात्रांचा. पहिल्या व तिसऱ्या चरणात बारा-बारा, दुसऱ्यात अठरा, चौथ्यात पंधरा. चार-चार मात्रांचे गण पाडले असता प्रत्येक अर्धात साडेसात गण होतात. विषम स्थानी जगण, म्हणजे लघु-गुरु-लघु, येऊ नये. पूर्वार्धातील सहावा गण जगण किंवा चार लघूंचा असावा. आणि उत्तरार्धात सहाव्या गणाच्या जागी एकच लघु असावा, असा नियम आहे. तीन मात्रांची तूट पडते ती याच ठिकाणी. बारा मात्रांपाशी पद संपून यती आला, तर त्या आर्येस पथ्या म्हणतात. पद तेथे न संपता पुढे वाहत गेले, तर विपुला.

आमच्या गाथेचे माप असे येते. पूर्वार्ध : ललगु, ललगु, गुगु, गुलल, गुगु, लगुल, गुगु, गु. उत्तरार्ध : गुगु, ललगु, ललगु, लगुल, गुलल, ल, गुगु, गु. उत्तरार्धाच्या आरंभीच्या समासात पाठभेद आहे. दुसरा पाठ घेतल्यास दुसरा गण चार लघूंचा होतो; परंतु मात्रांची बेरीज बदलत नाही व पुढील विवेचनासही बाध येत नाही. एकूण मात्रा सत्तावन्न. प्रत्येक नियम पाळलेला आहे. परीक्षेतील उत्तर येथे संपते. रसिकाचे काम येथून सुरू होते.

दोन्ही अर्धांतील पदे मोजून पाहावी. पूर्वार्धात आठ सुटी पदे आहेत : हिंडण्याची मोकळीक, संबोधन, निर्धास्तपणा, तो, कुत्रा, आज, मारला, त्याने. सर्व रोजच्या बोलण्यातली, छोटी, एकमेकांपासून वेगळी. बारा मात्रा पुऱ्या होतात, त्या नेमक्या 'निर्धास्त' या अर्थाच्या पदापाशी. तेथे पद संपते, यती येतो, आणि वाचणारा स्वस्थपणे श्वास घेतो. त्या पदाची तिन्ही अक्षरे गुरु आहेत. त्यामुळे ते उच्चारतानाच एक संथपणा येतो. धार्मिकास निर्धास्त हो म्हणून सांगितले, आणि छंदानेही त्यास विसावा दिला.

उत्तरार्धात मात्र पदे किती आहेत? केवळ दोन. पहिले पद म्हणजे गोदेच्या काठच्या झाडीत राहणाऱ्याचे वर्णन करणारा एक लांब समास; त्याच्या मात्रा अठरा. दुसरे पद म्हणजे उन्मत्त सिंह. त्याच्या मात्रा नऊ. बाराव्या मात्रेपाशी पद संपत नाही. ती मात्रा येते, तेव्हा वाचक झाडीचा वाचक जो शब्द आहे, त्याच्या ऐन मध्यावर असतो. तेथे थांबावे तर शब्द तुटतो. म्हणजे पूर्वार्ध पथ्येच्या चालीचा, तर उत्तरार्ध विपुलेचा. वाचणाऱ्यास त्या झाडीत क्षणभरही थांबता येत नाही. श्वास रोखून, अठरा मात्रांचे ते रान एका दमात ओलांडून जावे लागते, आणि ओलांडताच समोर सिंह उभा राहतो. त्या स्त्रीला धार्मिकाकडून हवे आहे ते नेमके हेच. त्याने त्या झाडीत थांबू नये. तिच्या शब्दांनी जी गोष्ट उघड सांगितली नाही, ती वृत्ताने वाचकाकडून करवून घेतली.

सिंहाच्या पदातही मात्रांचा क्रम पाहण्यासारखा आहे. 'उन्मत्त' या विशेषणाची तीन अक्षरे लघु, आणि 'सिंहाने' या अर्थाची तीन अक्षरे गुरु, कारण अर्धाच्या अखेरचे अक्षर गुरु मानावयाचे असते. उत्तरार्धातील जो एकटा लघु, जेथे गाथा नियमाने लंगडते, तो नेमका या विशेषणाचे शेवटचे अक्षर आहे. तीन हलकी, जलद पावले आणि मग तीन जड. आणखी एक गोष्ट : पूर्वार्धातील निर्धास्तपणाचे पद तीन गुरूंचे, तसेच हे अखेरचे सिंहाचे पदही तीन गुरूंचे. ज्या वजनाने अभय दिले, त्याच वजनाने भय घातले. गाथा जेथे विसावली होती, त्याच मापाच्या जागी ती अखेर दचकविते.

यमकाविषयी आता थोडे लिहिणे प्राप्त आहे. आर्या म्हटली की मराठी मनास मोरोपंत आठवतात, आणि मोरोपंत आठवले की यमक आठवते. परंतु त्यांच्या आर्या बहुतांशी गीती आहेत, म्हणजे दोन्ही अर्ध तीस-तीस मात्रांचे. दोन पारडी समतोल असली म्हणजे त्यांच्या टोकांस सारखी घुंगरे शोभतात. गीतीस यमक शोभते ते यामुळे. प्राकृत गाथेस अंत्ययमकाची अट नाही. तिचा दुसरा अर्ध तीन मात्रांनी उणा असल्यामुळे कानास समेचे समाधान ती पुरतेपणी देत नाही. तरीही आमच्या गाथेत दोन्ही अर्धांच्या शेवटी 'एण' हा एकच ध्वनी आहे. हे यमक सजावटीचे नव्हे. तो तृतीयेचा प्रत्यय आहे. पूर्वार्धाच्या अखेरीस 'त्याने' या अर्थाचे सर्वनाम आहे, आणि ते कोणाचे, हे कळण्यास संपूर्ण उत्तरार्ध उलटावा लागतो. कुत्रा मारला गेला, त्याने... कोणी? सर्वनाम अधांतरी ठेवून गाथा अर्धविराम घेते, आणि सत्तावीस मात्रांनंतर त्याच प्रत्ययाचे नाम येऊन त्यास मिळते. अभिनवगुप्तांनी या सर्वनामावर बोट ठेवले आहे : 'त्याने', म्हणजे ज्याच्याविषयी तुझ्याही कानी पूर्वी आलेच आहे, त्याने. एका सर्वनामाने ती स्त्री सिंहास जुना रहिवासी करून टाकते. यमक आणि व्याकरण यांची इतकी साधी व इतकी कामाची सांगड क्वचितच आढळेल.

अलंकारांचे काय? आमच्या शाळांतून कविता शिकविताना 'या कवितेतील अलंकार ओळखा' हा प्रश्न नेमाने विचारला जातो. या गाथेपुरते त्याचे उत्तर 'एकही नाही' असे द्यावे लागेल. उपमा नाही, रूपक नाही, उत्प्रेक्षा नाही. विशेषणही म्हणावे तर सिंहास एकच. आणि तरीही आनंदवर्धनांस ध्वनी समजाविण्यासाठी हीच गाथा हवीशी वाटली. वाच्यार्थ विधिरूप, व्यंग्यार्थ निषेधरूप, असे तिचे स्वरूप त्यांनी सांगितले. तिचे आज्ञार्थी क्रियापदही हुकूम देणारे नाही. ते मोकळीक देणारे आहे, असे अभिनवगुप्तांचे विवरण आहे. मोकळीक द्यावयाची आणि ती घेण्याची छातीच होऊ नये अशी व्यवस्था करावयाची, हे या गाथेचे मर्म होय.

अकराव्या शतकात महिमभट्टांनी यावर आक्षेप घेतला. त्यांच्या मते येथे व्यंजना नावाची निराळी शक्ती मानण्याचे कारण नाही. हे साधे अनुमान आहे. भित्र्या माणसाचे हिंडणे भयकारणाच्या अभावावर अवलंबून असते. नदीकाठी सिंह आहे. तेव्हा तेथे हिंडणे योग्य नव्हे, हे ओघानेच आले. 'काव्यप्रकाशा'त मम्मटांनी याचे उत्तर दिले. भित्रा मनुष्यही गुरूच्या आज्ञेने किंवा प्रियेच्या प्रेमाने भयाच्या जागी जातो. कुत्र्यास भिणारा वीर असला तर सिंहास भिणार नाही. आणि मुख्य म्हणजे, तेथे सिंह आहे हे कोणी पाहिले? ते केवळ त्या स्त्रीच्या शब्दावरून कळले, आणि तो शब्द प्रमाण मानावा असा नाही. हेतूच असिद्ध, तर अनुमान कसले?

मम्मटांच्या या शेवटच्या मुद्द्यात काव्याचे सारे मर्म आले आहे, असे आम्हांस वाटते. सिंह नसेलही. गाथेतील एकमेव सिंह त्या नऊ मात्रांत आहे. त्या स्त्रीजवळ बळ नाही, अधिकार नाही, धार्मिकास 'येथे येऊ नकोस' असे उघड म्हणण्याची सोय नाही. म्हटले, तर तिचेच गुपित फुटते. गावात त्याला मान असेल, पूजेची फुले वेचण्यास कोण आडकाठी करणार? तिच्याजवळ आहे तो फक्त शब्द, आणि तो शब्द नेमक्या जागी ठेवण्याचे कौशल्य. नदीकाठची एवढीशी सावली राखण्यासाठी तिने एक सिंह निर्माण केला. कवीही दुसरे काय करतो? पंडितांची वाद-प्रतिवादांची पाने वाचताना या स्त्रीची निकड दृष्टिआड होते; पण गाथा उभी आहे ती त्या निकडीवर.

येथे एक शंका उपस्थित होईल व ती गंभीरपणे घेतली पाहिजे. संकेतस्थळ, प्रियकर, विरळ होणारी झाडी, हे सर्व टीकाकारांनी सांगितले; गाथेत ते कोठे आहे? गाथांवर शृंगाराचे अर्थ लादण्याची हौस टीकाकारांस होतीच. मग ही गाथा मुळात एखाद्या भल्या बाईने भल्या माणसास दिलेली साधी वार्ता नसेल कशावरून? या शंकेचे उत्तर टीकेतून देता येणार नाही; ते गाथेतूनच दिले पाहिजे, आणि वृत्ताची साक्ष येथे उपयोगी पडते. कुत्रा मेला, आता खुशाल हिंड, एवढी वार्ता पूर्वार्धातच पुरी झाली आहे. ती देण्यासाठी तीस मात्रा पुरल्या. उरलेल्या सत्तावीस मात्रांत एकही नवी क्रिया नाही. त्या सर्व मारणाऱ्याची ओळख देण्यात खर्च झाल्या, आणि त्यांतल्याही अठरा त्याचा पत्ता सांगण्यात. ज्यास दिलासाच द्यावयाचा असेल, तो मारेकऱ्याचा पत्ता इतक्या बारकाईने देत नाही. सिंह कोठे राहतो, हे धार्मिकास कळणे त्या स्त्रीस कुत्र्याच्या मरणाहून महत्त्वाचे वाटते. हे टीकाकारांनी तिच्या तोंडी घातलेले नव्हे. ते मात्रांच्या हिशेबात उघड दिसते. प्रियकर कोण, हे आपणांस ठाऊक नाही. पण त्या झाडीत तिचे काही मोलाचे आहे, एवढे गाथा स्वतः सांगते. आणि ते कोणते, हे न सांगण्यातच ती प्रेमकविता ठरते.

दुसरी शंका अशी की, लांब समास व विपुला चाल गाथांत इतरत्रही आढळते. येथे ती आली हा निव्वळ योगायोग नसेल काय? असेलही. कवीने मुद्दाम केले, असे म्हणण्याचा आमचा आग्रह नाही. कवीचे मन आम्ही वाचलेले नाही. छंदाचे नियम सर्वांस सारखेच असतात. त्यांच्या चौकटीत कोणता शब्द कोणत्या जागी पडतो, यावर मात्र कवितेचे यश अवलंबून असते. दुसऱ्या एखाद्या गाथेत हाच न थांबणारा उत्तरार्ध मेघाचे किंवा नदीचे वर्णन करील व तेथे तो केवळ प्रवाही वाटेल. येथे तो झाडीतून जातो, म्हणून तो भयाचा झाला. माप तेच असले, तरी काम शब्दाने ठरते. आणि शब्द तेच असले, तरी माप बदलताच काम बिघडते.

या शेवटच्या विधानाचा पडताळा आपल्या हाती आहे. गाथेची प्रचलित संस्कृत छाया घ्यावी. शब्दास शब्द आहे, अर्थ तसूभरही ढळलेला नाही. परंतु संधी झाल्यामुळे व सर्वनामाचे गुरु अक्षर लघु झाल्यामुळे दुसरा चरण अठरांऐवजी पंधरा मात्रांचा होतो. पूर्वार्धाचा तो सावकाश, बोलका डौल राहत नाही. आपल्याकडे अनेक जण प्राकृत गाथा छायेवरूनच वाचतात. छाया ही समजण्याची पायरी आहे; तेथेच थांबलो, तर हाती अर्थ येईल, कविता येणार नाही. आणि मूळ गाथा आपणांस वाटते तितकी दूरही नाही. तिच्यातील कुत्र्याचा शब्द गोमंतकात 'सुणें' या रूपाने आजही घरोघर चालतो. तिच्यातील 'अज्ज' आपल्या 'आज'मध्ये जिवंत आहे. स. आ. जोगळेकरांनी १९५६ साली सप्तशती मराठी अनुवादासह उपलब्ध करून दिली, तेव्हापासून तर मराठी वाचकास सबबच उरलेली नाही.

शिक्षकबंधूंस आमची एक विनंती आहे. कविता शिकविताना वृत्त, यमक व अलंकार हे तीन प्रश्न शेवटी, गुणांपुरते विचारण्याची रीत पडली आहे. अर्थ आधी सांगून संपवावयाचा आणि मग उरलेल्या वेळात लघुगुरूच्या खुणा करावयाच्या, अशी ती रीत. यामुळे विद्यार्थ्यांची समजूत होते की, अर्थ हे धान्य आणि वृत्त हे पोते. वडोदऱ्यात जन्मलेल्या माधव जूलियनांनी 'छंदोरचना' लिहून मराठीत छंदाचा विचार शास्त्राच्या पदवीस नेला. तो विचार वर्गात पोचावयाचा असेल, तर क्रम उलटा केला पाहिजे. आधी कविता मोठ्याने म्हणावी. कोठे थांबता येते, कोठे थांबता येत नाही, हे मुलांनी जिभेने अनुभवावे. मग विचारावे : येथे का थांबता येत नाही? या प्रश्नाचे उत्तर शोधताना गण, यती, समास व अर्थ ही सर्व एकाच वेळी हाती लागतात, आणि लघुगुरूच्या खुणा मग ओझे वाटत नाहीत.

अशी गाथा वरच्या वर्गांत शिकवावी काय, असाही प्रश्न कोणी करतील. आमच्या मते अवश्य शिकवावी. तिच्यात अश्लील असे एक अक्षर नाही. इतका संयम आपल्या बहुतेक प्रेमगीतांत सापडणार नाही. उलट, बोलणे आणि सांगणे यांतील अंतर कळण्यास, आणि दुर्बळाच्या हाती शब्द किती मोठे साधन आहे हे कळण्यास, याहून चांगला पाठ आम्हांस माहीत नाही.

सप्तशतीच्या संग्राहकाने कोटी गाथांमधून सातशे निवडल्या, असे त्या ग्रंथातच म्हटले आहे. कोटीची संख्या कवीच्या भाषेतली समजू. पण निवड डोळसपणे झाली, एवढे एका गाथेवरूनही दिसते. आपली भाषा प्राचीन आहे, हे आता सर्वांनी मान्य केले. ती प्राचीन काळीही इतकी शहाणी होती, हे मान्य करून घेण्यासाठी कोणाच्या दारी जावयास नको; सत्तावन्न मात्रा मोठ्याने म्हणावयास मात्र पाहिजेत.